हिरडीतला थेंब : प्रकल्प नोंदी, पुणे, जून ते नोव्हेंबर २०२५

१२ जून, गुरुवार

दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद. जनरेटरवर ओपीडीच्या चार खुर्च्या आणि उणे ८०चा फ्रीजर एवढंच चालू. नमुने घेता येणार नाहीत, म्हणून ही वही आजच सुरू करते.

काम काय, ते एकदा लिहून ठेवते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीक खाच असते. तिच्यातून द्रव पाझरत असतो. निरोगी हिरडीत तो एक मायक्रोलिटरही भरत नाही. पायरिया झालेल्या जागी वाढतो आणि सूज जितकी जास्त तितका रक्तरसासारखा होत जातो. त्यात शेकडो प्रथिनं असतात. निवडक दोन-चार न मोजता सगळी एकदम मोजायची, मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून त्यांना ओळखणाऱ्या मशीनवर.

त्यातून एकच गोष्ट हवी आहे. या जागेचं हाड आज झिजतंय, की झिजून थांबलंय? प्रोबवर, म्हणजे खाचेची खोली मोजायच्या बारीक सळीवर, ६ मिलिमीटर आले तर आजवर किती गेलं ते कळतं, पुढे जाईल का ते कळत नाही. पायरियाच्या २०१७ च्या वर्गीकरणात चार टप्पे आहेत आणि वेगासाठी अ, ब, क अशा तीन श्रेणी. वेगाचा थेट पुरावा म्हणजे पाच वर्षांत किती हाड गेलं. माझ्या ओपीडीत पाच वर्षांपूर्वीचा एक्स-रे घेऊन आलेला पेशंट मला अजून भेटलेला नाही. मग वयाच्या मानाने किती हाड गेलं यावर अंदाज बांधायचा. जगातल्या प्रौढांपैकी सुमारे १९ टक्क्यांना तीव्र पायरिया आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतक्या माणसांना आपण अंदाजाने सांगतो, ‘दात राहील’ किंवा ‘जाईल’.

१६ जून

पहिले पाच नमुने. पद्धत पक्की केली. दातावरचं किटण आधी काढायचं, कापसाच्या वळ्या लावून जागा लाळेपासून वेगळी करायची, हलक्या हवेने सुकवायची, कागदी पट्टी खाचेच्या तोंडाशी ३० सेकंद धरायची. प्रोबिंग नंतर. आधी प्रोब घातला तर रक्त येतं आणि पट्टी लाल होते.

शेवटच्या पेशंट वेल्ह्याकडच्या एक मावशी. पन्नाशी उलटलेली, पहाटेची एसटी धरून स्वारगेट आणि तिथून इथे. ‘ताई, दात हालत्यात, पन दुखत न्हाई काई.’ हे दुखत नाही म्हणूनच माणसं उशिरा येतात. वरच्या समोरच्या दातापाशी ७ मिलिमीटर, खालच्या दाढेपाशी ७, आणि तिथे मुळांच्या फाट्यातही प्रोब आत जातो. मिश्री लावता का विचारलं, तर पदर तोंडाला लावून हसल्या. सकाळ-संध्याकाळ, लग्नाआधीपासून.

वर्गीकरणात वेगाची श्रेणी वाढवणारे दोनच घटक नावाने मोजलेत : दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी, आणि मधुमेह असेल तर एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ७ किंवा वर. तव्यावर भाजलेला तंबाखू बोटाने हिरडीवर चोळणारी बाई त्या तक्त्यात कुठेच बसत नाही. आमच्या फॉर्मवर मिश्रीचा वेगळा रकाना घातला : किती वर्षं, दिवसातून किती वेळा, किती वेळ तोंडात.

मावशी नमुना क्रमांक ५.

२० जून

दोन्ही पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, ओपीडी अर्धी रिकामी. पीजीच्या मुली वारकऱ्यांच्या तपासणीला गेल्या. ड्राय आइस मिळाला नाही. नमुने फ्रीजरमध्येच.

२७ जून

थर्मोकोलच्या डब्यात ड्राय आइस आणि ट्यूबा, डबा स्कूटरच्या पुढे, कात्रजहून पाषाण. नवले पुलाशी पाऊण तास. चांदणी चौकात पाऊस. पोचले तेव्हा बर्फ अर्ध्याहून जास्त उडालेला, पण ट्यूबा कडक होत्या. मशीन पाषाणच्या बाजूला, पेशंट कात्रजच्या बाजूला. या प्रकल्पाचं भूगोलाशी असंच आहे.

मशीनवर प्रथिन अख्खं जात नाही. आधी त्याचे तुकडे करतो. त्यासाठीची कात्री म्हणजे ट्रिप्सिन. प्रथिनाच्या साखळीत लायसीन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल आलं की त्याच्यापुढे कापायचं, एवढंच तिला ठाऊक. कुठे कापणार हे आधीच माहीत, म्हणून तुकड्यांवरून मूळ प्रथिन शोधता येतं. डीटीटीने प्रथिनातले गंधकाचे पूल सोडवले, ते पुन्हा जुळू नयेत म्हणून अंधारात आयोडोअ‍ॅसिटामाइड घातलं, रात्रभर ३७ अंशांवर ट्रिप्सिन. सकाळी तुकडे केसाएवढ्या कॉलममधून, विद्युतफवाऱ्याने मशीनमध्ये. मोठ्या रेणूंना न मोडता हवेत उडवता येतं हे दाखवल्याबद्दल फेन आणि तनाका यांना २००२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला पीजीला असताना हे कुणी शिकवलं नव्हतं. दंतवैद्यकात रेणू शिकवतात, पण रेणू मोजायचा कसा ते नाही शिकवत.

४ जुलै

पहिली यादी हातात. रात्री दोनपर्यंत बघत बसले.

अल्ब्युमिन सगळ्यांच्या डोक्यावर, अपेक्षितच. त्याखाली न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची सगळी फौज : मायलोपेरॉक्सिडेज, इलास्टेज, कॅथेप्सिन जी, लॅक्टोफेरिन, एमएमपी-८, एमएमपी-९, आणि एस१००ए८ व ए९ ही जोडी. पायरियाच्या खाचेत हे सापडणार हे कुठल्याही पुस्तकात आहे. आमची पद्धत चालते एवढं सिद्ध झालं. नवीन काही नाही.

केराटिनही भरपूर. त्यातलं हिरडीचं किती आणि माझ्या हाताच्या कातडीचं किती, सांगता येत नाही. पुढच्या वेळी ग्लोव्हजवर बाही ओढून घेणार.

सहा पट्ट्यांत हिमोग्लोबिन इतकं की बाकी सगळं दबलं. या सहा काढून टाकायच्या, असं प्रोटोकॉलमध्ये मीच लिहिलंय : रक्ताळलेली पट्टी बाद.

९ जुलै

त्याच बाद पट्ट्यांवरून आज मॅडमशी तासभर बोलणं झालं. मॅडम म्हणाल्या, ‘हात लावताच रक्त येणारी जागा म्हणजेच आजारी जागा. त्या सगळ्या बाद करून उरलेल्यांवर आजाराबद्दल काय बोलणार आहेस?’

उत्तर नव्हतं माझ्याकडे. घरी येऊन विचार केला तेव्हा चूक आणखी मोठी दिसली. पायरियाच्या मुळाशी जे जंतू मानले जातात त्यांत पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस पहिला. संशोधक सॉक्रान्स्कींनी १९९८ मध्ये ज्या तिघांना लाल गट म्हटलं, त्यांतला हा एक. याला वाढायला हीम, म्हणजे लोह असलेला रेणू, लागतं आणि हीम हिमोग्लोबिनमधून मिळतं. रक्त घातलेल्या अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) त्याच्या वसाहती काळ्या पडतात त्या याच साठवलेल्या हीममुळे. म्हणजे ज्याला मी नमुन्यातली घाण समजून फेकत होते ते त्याचं जेवण होतं.

नियम बदलला. पट्टी लाल झाली तर बाद नाही, ‘र’ शेरा मारून वेगळ्या गटात. पट्टी लावताना माझ्या हाताने खरवडून रक्त आलं असेल तरच बाद, आणि तसं झालं हे त्याच क्षणी वहीत लिहायचं. लिहायला लाज वाटता कामा नये.

मावशींची सफाई दोन बैठकांत पूर्ण झाली. मिश्रीबद्दल बोलले. ‘बघते’ म्हणाल्या.

२१ जुलै

आजची नोंद लांब होणार.

एक विचित्र गोष्ट दोन आठवडे खुपत होती. ट्रिप्सिन कधीच शंभर टक्के कापत नाही. काही जागा सुटतात. खोल खाचांच्या नमुन्यांत अशा सुटलेल्या जागा कमी, निरोगी जागांच्या नमुन्यांत जास्त. ट्रिप्सिन तेच, वेळ तोच, तापमान तेच. पिपेटिंग तपासलं, प्रथिनाचं प्रमाण पुन्हा मोजलं. फरक गेला नाही. आजारी नमुना जास्त नीट कापला जात होता.

आज जिंजिवॅलिसच्या कात्र्यांबद्दल वाचत होते. जिंजिपेन म्हणतात त्यांना. तीन आहेत : दोन आर्जिनिनपुढे कापणाऱ्या, एक लायसीनपुढे.

आर्जिनिनपुढे. लायसीनपुढे.

म्हणजे आमच्या बाटलीतलं ट्रिप्सिन जिथे कापतं, तिथेच तो जंतू तोंडात आधी कापून ठेवतो. आम्ही रात्रभर ३७ अंशांवर जे करतो ते या मावशींच्या दाढेपाशी वर्षानुवर्षं चालू आहे, तेही ३७ अंशांच्याच आसपास. यादीतला एखादा तुकडा आम्ही केला की त्याने, हे यादी बघून कळणं शक्यच नाही. दोघांची सही एकसारखी.

मॅडमना रात्रीच फोन केला. पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलल्या : ‘प्लास्मिनसुद्धा तिथेच कापतं, विसरू नकोस.’ खरं आहे. प्लास्मिन आपलंच, रक्तातलं, गाठी विरघळवणारं. तेव्हा सगळं पाप जंतूच्या माथी मारता येणार नाही. पण एवढं नक्की, की या नमुन्यांवर आमच्याआधी कुणाची तरी कात्री चाललेली आहे आणि आमची पद्धत तो खुणांचा कागद पुसून टाकते.

१ ऑगस्ट

चार नमुने ट्रिप्सिन न घालता चालवले. मशीनवरच्या दादांना पटेना. न कापलेला नमुना लावून कॉलम खराब कराल म्हणाले. मोठी प्रथिनं फिल्टरने आधीच अडवते, खालून गाळून आलेले तुकडेच लावते, असं सांगितल्यावर तयार झाले.

तुकडे निघाले. निरोगी जागेच्या नमुन्यात फार थोडे. मावशींच्या दाढेच्या नमुन्यात पीकच पीक, म्हणजे आलेखावर टोकंच टोकं. टोकाला लायसीन किंवा आर्जिनिन असलेले होते, त्याखेरीज भलत्याच जागी कापलेलेही होते.

अल्ब्युमिनचे, हिमोग्लोबिनचे, फायब्रिनोजेनचे तुकडे. प्रत्येकाला त्या तोंडातच कुणीतरी कापलेलं.

८ ऑगस्ट

की ट्यूबमध्ये? ही शंका आज आली आणि पोटात गोळा आला.

जिंजिपेन सिस्टीन या गंधक असलेल्या अमिनो आम्लावर चालणारी कात्री आहे. डीटीटीसारख्या पदार्थाने तिला चेव येतो. आणि पट्टीवरून द्रव सोडवायला घेतलेल्या आमच्या बफरमध्ये, म्हणजे द्रावणात, डीटीटी आहे. पट्टी बफरमध्ये पडते आणि आयोडोअ‍ॅसिटामाइड तिला मारेपर्यंत मधला सगळा वेळ ती मोकळी.

२२ ऑगस्ट

उपाय केला तो अंगाशी आला. जिंजिपेनला थोपवणारा एक पदार्थ आहे, टीएलसीके. लायसीनसारखा दिसतो, कात्रीत अडकतो आणि सुटत नाही. १४ तारखेच्या आठही ट्यूबांमध्ये घातला. आज निकाल आला : प्रथिनं जशीच्या तशी, तुकडे जवळजवळ नाहीत. टीएलसीके ट्रिप्सिनलाही तितकाच कायमचा मारतो. बाटलीवर लिहिलेलं होतं. दोन्ही कात्र्या एकसारख्या हे मीच महिनाभर सगळ्यांना सांगत होते आणि एकीचं विष दुसरीला चालेल हे माझ्याच लक्षात आलं नाही.

आठ पट्ट्या गेल्या. आठ माणसांनी तोंड उघडून दिलेल्या. त्यांतल्या दोघांचे उपचार सुरू झाले आहेत, तो उपचाराआधीचा द्रव आता पुन्हा मिळणार नाही. एथिक्स कमिटीच्या अहवालात कारणासकट लिहिलं.

२५ ऑगस्ट

नवी पद्धत, आधीपेक्षा साधी. पट्टी खुर्चीपाशीच गरम एसडीएसच्या (साबणासारख्या पदार्थाच्या) ट्यूबमध्ये, ९५ अंशांवर पाच मिनिटं. सगळ्या कात्र्या एकदम मरतात, त्यांचीही आणि आपलीही. डीटीटी त्यानंतर. एसडीएस मशीनला चालत नाही, म्हणून फिल्टरवर धुवून काढायचं आणि मग ट्रिप्सिन. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग : एक ट्रिप्सिनसह, एक ट्रिप्सिनशिवाय.

ओपीडीत खुर्ची क्रमांक ३ शेजारी छोटा हीट ब्लॉक ठेवला. शिपाईकाका रोज सकाळी येऊन तो लावून ठेवतात, मी सांगितलं नव्हतं.

परवापासून गणपती. विसर्जनापर्यंत लक्ष्मी रस्त्याच्या पलीकडचं कुणी येणार नाही.

११ सप्टेंबर

ज्या नोंदीसाठी ही वही ठेवली असं वाटतं ती आजची.

लायसीन-आर्जिनिनपाशी दिसणारा काप कुणाचा, हा वाद सुटणारा नाही. मग उलट विचार केला. ट्रिप्सिन जिथे कधीच कापत नाही अशा जागी काप दिसला, तर तो आमचा नाही, हे निर्विवाद. असा काप कुठे शोधायचा?

अल्फा-१-अँटिट्रिप्सिन. यकृतात बनतं, रक्तातून खाचेत उतरतं. नाव ट्रिप्सिनचं, पण खरं काम न्यूट्रोफिलच्या इलास्टेजला आवरणं. त्याच्या अंगावर एक सैल फास असतो, आमिषासारखा. इलास्टेज तो फास ३५८ व्या मेथिओनिनपुढे कापतं आणि कापताक्षणी रेणू उंदराच्या पिंजऱ्यासारखा मिटतो. इलास्टेज ओढलं जाऊन दुसऱ्या टोकाला चिरडतं. दोघंही कामातून जातात. एका इलास्टेजमागे एक अँटिट्रिप्सिन. मागे उरते ती कापलेली जागा.

त्या जागी ट्रिप्सिनने केलेला तुकडा २२ अमिनो आम्लांचा, लायसीनला संपणारा. इलास्टेजने आधीच कापलेलं असेल तर त्याची फक्त शेपटी मिळते : सेरीन, आयसोल्यूसीन, प्रोलीन, प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, व्हॅलीन, लायसीन. सात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकड्याची किमान लांबी सातच ठेवलेली आहे. आठ ठेवली असती तर दिसलाच नसता.

एक टोक ट्रिप्सिनचं, दुसरं कुठलंही, अशी शोधाची अट सैल केली. शोध प्रचंड वाढतो, खोट्या जुळण्यांचा धोकाही. एक टक्क्याची मर्यादा तशीच ठेवली. रात्रभर संगणक चालला.

सकाळी सात अक्षरांचा तो तुकडा स्क्रीनवर. खोल खाचांत ठळक. निरोगी जागांत अख्खा २२चा तुकडा आणि ही शेपटी नाही.

आणखी एक. काही नमुन्यांत तोच फास सहा घरं अलीकडे कापलेला, ३५२ व्या फिनाइलअ‍ॅलनिनपुढे. तिथे एमएमपी-८ कापतं. हे न्यूट्रोफिलचंच, पण काम कोलॅजेन तोडण्याचं, म्हणजे दाताला हाडाशी धरून ठेवणाऱ्या धाग्यांवरच चालणारं. इथे कापलं की अँटिट्रिप्सिन कुणालाही न पकडता निकामी होतं. पहिला काप म्हणजे पहारेकरी लढून पडला. दुसरा काप म्हणजे त्याला लढायच्या आधीच कुणी मारला, आणि बाहेर इलास्टेज मोकळं.

आजवर आम्ही काय मोजत होतो? अल्फा-१-अँटिट्रिप्सिन किती आहे. आजारी जागेत ते ‘वाढलेलं’ येतं, कारण सूज असलेल्या जागी रक्तरसच जास्त उतरतो. त्यातलं किती जिवंत, किती मेलेलं, हे त्या आकड्यात नाही. माझ्या मते हाड आज झिजतंय का या प्रश्नाचं उत्तर प्रथिनांच्या यादीत कमी आणि त्यांच्या जखमांत जास्त आहे. मॅडमना दाखवलं. त्या बराच वेळ स्क्रीन बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘सगळे जुने रन पुन्हा काढ.’

२६ सप्टेंबर

जुने रन नव्या अटीने पुन्हा शोधून झाले. २५ ऑगस्टच्या आधीच्या नमुन्यांवर विसंबता येत नाही. कापणं ट्यूबमध्ये थांबवलेलंच नव्हतं. त्यांतलं काहीही निष्कर्षात घेणार नाही.

म्हणजे मावशींचे जूनचे तक्तेही गेले. त्यांच्या पुन्हा तपासणीची वाट बघायची.

१४ ऑक्टोबर

मावशी आल्या. सफाईला तीन महिने. हिरड्या गुलाबी, घट्ट. वरच्या दातापाशी ७चे ४. खालच्या दाढेपाशी ७चे ६ आणि प्रोब लावताच रक्त. फाट्यात ब्रश पोचत नाही, आमची हत्यारंही नीट पोचत नाहीत.

‘सकाळची सोडली ताई. संध्याकाळची न्हाई सुटत.’ तेही कितीतरी आहे, असं त्यांना सांगितलं. रकान्यात लिहिलं : दिवसातून एकदा.

दोन्ही जागांच्या पट्ट्या घेतल्या. वरची जवळजवळ कोरडीच निघाली.

३१ ऑक्टोबर

दिवाळीनंतरची पहिली बॅच. कॉलम तुंबला, बदलला. मावशींच्या ट्यूबा शाबूत.

१८ नोव्हेंबर

मावशींचे निकाल. वरच्या दातापाशी सात अक्षरांची शेपटी नाही. पण पट्टी कोरडी होती, द्रवच नगण्य. तेव्हा ‘दिसली नाही’ आणि ‘नव्हती’ या दोन वेगळ्या गोष्टी. दोन्ही जागांचं समान प्रथिन लावून पुन्हा चालवलं. तरी नाही. आता ‘नव्हती’च्या बाजूने थोडं झुकायला हरकत नाही.

खालच्या दाढेपाशी दोन्ही काप. ३५८ चाही आणि ३५२ चाही.

या पीकवरून उपचार ठरवायचा मला अधिकार नाही. एका बाईच्या दोन जागांवरून कुणालाच नाही. पण ६ मिलिमीटर, रक्त, फाटा उघडा, एवढ्यावर तिथली हिरडी उघडून साफ करावी हे कुठलाही हिरड्यांचा डॉक्टर सांगेल. मॅडमनीही एक्स-रे बघून तेच सांगितलं. आमचा तक्ता त्यांना नंतर दाखवला.

मावशींना फोन केला, सोमवारी या म्हटलं. ‘सोमवारी भात झोडायचंय. मंगळवारी येते.’

मंगळवार, २५ नोव्हेंबर, खुर्ची क्रमांक ३. उघडण्याआधी एक पट्टी, उपाशीपोटी येऊ नका असं सांगितलंय. हीट ब्लॉक साडेनऊला लावायचा.